पहिली जोरकस गाडी, हात अजून कच्चा: १५ लाखांत काय घ्यावं?

मुलुंडकर_२४

नमस्कार मंडळी,

लायसन्स दोन वर्षांचं आहे, पण प्रत्यक्ष चालवणं सात-आठ हजार किलोमीटरच्या पुढे नाही, आणि तेही सगळं घरच्या वॅगनआरवर. आता स्वतःची गाडी घ्यायची आहे आणि ती चालवताना मजा यावी अशी इच्छा आहे. बजेट सगळं धरून १५ लाख. रोज मुलुंड ते ऐरोली जाणं-येणं, महिन्यातून एकदा पुणे किंवा कोकण. बिल्डिंगमध्ये पझल पार्किंग (गाड्या वर-खाली सरकवणारं यांत्रिक पार्किंग) आहे.

यादीत सध्या या गाड्या आहेत: नवी फॉक्सवॅगन व्हर्टस १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) मॅन्युअल, वापरलेली व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया १.५ डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आय२० एन लाइन, वापरलेली पोलो जीटी टीएसआय. आणि एक २०१४ ची बीएमडब्ल्यू ३२८आय, जी याच बजेटमध्ये मिळते आहे आणि मनातून जात नाही.

नेमकं विचारायचं ते असं. नवख्या माणसाने किती पॉवरपर्यंत जावं? मागच्या चाकांवर चालणारी गाडी पहिल्या वर्षी घेणं कितपत शहाणपणाचं? आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डीएसजी टिकते का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

टॉर्करेंच

पॉवरच्या आकड्याआधी वजन बघा. दर टनामागे किती पीएस (इंजिनाच्या ताकदीचं एकक) पडतात, हा हिशेब जास्त खरं बोलतो. मागच्या पिढीची स्विफ्ट ९० पीएसची आणि ९०० किलोच्या आसपास, म्हणजे टनाला साधारण १००. व्हर्टस १.५ मध्ये १५० पीएस, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, म्हणजे टनाला १२०. ३२८आय मध्ये २४५ पीएस, वजन दीड टन धरा, म्हणजे टनाला १६० च्या वर. माझ्या मते आठ हजार किलोमीटर झालेल्या माणसाने टनाला १०० ते १२० यापुढे जाऊ नये. त्याखाली गाडी तुमची चूक बऱ्याच वेळा पोटात घेते. त्यावर गेलात की चूक कळेपर्यंत वेग ३० ने वाढलेला असतो.

पण हा अर्धा हिशेब झाला. उरलेला अर्धा म्हणजे ती ताकद कशी येते. तुमच्या वॅगनआरमध्ये पाय जितका दाबाल तितकीच गाडी ओढते. टर्बोमध्ये, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेल्या गाडीत, तसं होत नाही. दीड हजार आरपीएमच्या खाली इंजिन सुस्त असतं, आणि दोन हजारांच्या आसपास बूस्ट (त्या हवेचा दाब) भरला की एकदम खेचतं. सरळ रस्त्यावर हे छान वाटतं. ओल्या रस्त्यावर वळताना, दुसऱ्या गिअरमध्ये, स्टिअरिंग अजून सरळ झालेलं नसताना तोच बूस्ट आला तर आतलं पुढचं चाक फिरून जातं आणि गाडी वळणाबाहेर सरकते. नवखा माणूस तिथे घाबरून स्टिअरिंग आणखी वळवतो. त्याने काहीच होत नाही, कारण पुढच्या टायरची पकड आधीच संपलेली असते. अॅक्सिलरेटर हळूच सोडायचा, स्टिअरिंग थोडं सैल करायचं, पकड परत येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही चूक सुधारायला बहुतेक वेळा सवड मिळते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उलट होतं. ३२८आय चा ३५० एनएम टॉर्क (इंजिनाची ओढ) जवळपास १२५० आरपीएमपासूनच हजर असतो. ओल्या वळणावर पाय जरा जास्त पडला की शेपूट बाहेर येते. ती सावरायला स्टिअरिंग उलट फिरवायचं, तेही मोजकं, आणि शेपूट परत येताना तितक्याच चपळाईने सरळ करायचं. हे अंगात मुरलेलं नसेल तर दुसऱ्या झटक्याला गाडी विरुद्ध बाजूला जाते. ईएससी (घसरणाऱ्या गाडीच्या चाकांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) यातलं बरंच सावरते, पण ईएससी भौतिकशास्त्र बदलत नाही. घासलेल्या टायरवर तिच्याकडे काम करायला पकडच शिल्लक नसते.

आता थांबण्याचं गणित. चालक सावध आहे, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागतो, रस्ता कोरडा आणि टायर चांगले, असं धरा. ताशी ६० वर गाडी थांबायला साधारण ३५ मीटर लागतात. ८० वर ५४ आणि १०० वर ७७. रस्ता ओला झाला की ८० वरच ७२ मीटर होतात आणि १०० वर १०० मीटर ओलांडतात. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ब्रेकचं अंतर वाढतं. ताकदवान गाडीचा खरा धोका हा आहे की ती ८० वरून ११० वर इतक्या शांतपणे जाते की आत बसलेल्याला पत्ताच लागत नाही. वॅगनआर आवाज करून सांगते, जर्मन गाडी सांगत नाही. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात मर्यादा ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढ-उताराच्या रॅम्पवर ४० आहे. रॅम्पवर शिरताना स्पीडोमीटर बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, अंदाजावर राहू नका.

तुमच्या यादीतून मी नवी व्हर्टस १.० मॅन्युअल घेईन. ११५ पीएस, १७८ एनएम, पुढची चाकं, ईएससी, आणि ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्यांची धडक-चाचणी) पाच तारे. दुसरी पसंती आय२० एन लाइन: १२० पीएस, १७२ एनएम, चारही चाकांना डिस्क, आणि २०२३ नंतर सहा गिअरचा मॅन्युअलही मिळतो. तिची हाताळणी मला जास्त आवडते, पण आय२० ला ग्लोबल एनकॅपमध्ये तीनच तारे आहेत. शिकणाऱ्या माणसासाठी मी ताऱ्यांना वजन देतो.

घाटवाट

टॉर्करेंच यांच्याशी बहुतेक सहमत, एक मुद्दा सोडून. शिकायचंच असेल तर टर्बो कशाला? पाचव्या पिढीची होंडा सिटी पेट्रोल मॅन्युअल बघा. १४९८ सीसी, १२१ पीएस, १४५ एनएम, आणि टर्बो नाही. टॉर्क ४३०० आरपीएमवर आणि पूर्ण ताकद ६६०० वर येते, म्हणजे वेग हवा असेल तर गिअर खाली टाकून इंजिन फिरवावं लागतं. ताकद मागून घ्यावी लागते, आपोआप अंगावर येत नाही. कुठला गिअर, किती आरपीएम, कुठे पाय सोडायचा हे सगळं तिच्यावर शिकता येतं आणि ते पुढे कुठल्याही गाडीत कामी येतं.

खोपोलीच्या जुन्या घाटातून किंवा कशेडीतून उतरताना हे विशेष कळतं. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. टर्बो ऑटोमॅटिकवाले डी मध्ये ठेवून सतत ब्रेक चेपत येतात आणि खाली पोचेपर्यंत पॅडचा वास सुटतो. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं. पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुनं झाल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. मुंबईच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलाच, किलोमीटर कितीही झालेले असोत. पेडल स्पंजसारखं मऊ लागलं तर घाट उतरायला जाऊच नका.

मुलुंडकर_२४

दोघांचेही आभार. सिटी डोक्यातच नव्हती, ती चालवून बघतो. पण दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. १.५ डीएसजी वापरलेली चांगल्या किमतीत दिसते आहे, तिचं क्लचचं नेमकं काय? आणि ३२८आय चा नाद सोडायचाच असेल तर पॉवरखेरीज आणखी कारणं कळली तर बरं होईल, म्हणजे मन कायमचं वळेल.

क्लचप्लेट

डीएसजीबद्दल आधी.

१.५ टीएसआय ला सात गिअरचा डीक्यू२०० बॉक्स आहे. यात दोन क्लच असतात आणि दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. थंड व्हायला त्यांना हवेवरच अवलंबून राहावं लागतं. ब्रेक सोडला आणि गाडी आपोआप सरपटू लागली की क्लच अर्धवट पकडलेला असतो आणि घासत असतो. ऐरोली पुलावर संध्याकाळी तासभर दोन-दोन फूट सरकत गेलात तर तुम्ही तासभर क्लच घासत आहात. मॅन्युअल गाडीत पाय दुखतो म्हणून माणूस हे टाळतो. डीएसजीत दुखत नाही, म्हणून टाळत नाही.

उपाय साधा आहे. पुढच्या गाडीमागे लगेच सरकू नका. एक-दीड गाडीची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून नीट पहिल्या गिअरमध्ये चाला आणि पूर्ण थांबा. थांबलात की ब्रेक घट्ट दाबा. ब्रेक पक्का दाबलेला असला की क्लच उघडा राहतो, न्यूट्रल टाकायची गरज नाही. हलका दाबून गाडी अर्धवट सरकत ठेवणं सर्वांत वाईट. पार्किंगच्या चढावर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेकने धरा. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आलाच तर बाजूला घेऊन पी मध्ये थांबा, रेटू नका. अशी चालवली तर मुंबईतही हा बॉक्स बरीच वर्षं टिकतो.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा: डीक्यू२०० ची टॉर्क झेपण्याची मर्यादा २५० एनएम आहे आणि १.५ चं इंजिन बरोबर तेवढाच टॉर्क देतं. म्हणजे राखीव काही नाही. आधीच्या मालकाने रीमॅप केलेली (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली) गाडी असेल तर क्लच आणि मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारं नियंत्रण) रोज मर्यादेबाहेर काम करत आलेत. विक्रेता 'स्टॉक मॅप परत टाकलाय' म्हणाला तर ते रीमॅप केल्याची कबुली समजा. अशी गाडी सोडून द्या.

वापरलेली डीएसजी तपासायची पद्धत अशी. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालवा. मग सपाट रस्त्यावर पायाने काही न दाबता गाडी सरपटू द्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवली तर क्लच संपत आलाय. पार्किंगच्या चढावर रिव्हर्समध्ये हळूहळू चढवा, तिथे झटके लपत नाहीत. शेवटी स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे फॉल्ट कोड आणि क्लचच्या तापमानाची नोंद बघायला सांगा. फॉक्सवॅगन-स्कोडावर काम करणाऱ्या चांगल्या गॅरेजमध्ये हे पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. विक्रेता स्कॅनर लावू देत नसेल तर बोलणी तिथेच थांबवा.

पोलो जीटी टीएसआय बद्दल: २०१३ ते २०२० पर्यंतची १.२ टीएसआय, १०५ पीएस आणि हाच डीक्यू२०० बॉक्स. २०२० पासूनची १.० टीएसआय, ११० पीएस, आणि ऑटोमॅटिक साधा टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) सहा गिअरचा. ट्रॅफिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर निर्धास्त. पोलो घ्यायचीच तर दुसरी घ्या. २०२२ मध्ये भारतात पोलो बंद झाली, पण इंजिन आणि बरेच भाग पुढच्या गाड्यांशी मिळतेजुळते असल्याने चिंता नाही.

आता ३२८आय. दोन लिटरच्या या टर्बो इंजिनात, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, टायमिंग चेनचे मार्गदर्शक तुकडे पॉलिमरचे आहेत आणि कालांतराने ते ठिसूळ होऊन तुटतात. तुकडे तेलाच्या तळपात्रात पडतात आणि तेलपंपाची जाळी अडवतात. सुरुवातीचं लक्षण म्हणजे थंड इंजिनाला आरपीएमबरोबर चढत जाणारा शिट्टीसारखा आवाज. दुर्लक्ष झालं तर इंजिन जातं. शिवाय तेलाच्या फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटमधून गळती, कुलंटच्या प्लॅस्टिक पाइपांना तडे, ही कामं दहा-बारा वर्षांच्या गाडीला येणारच. टायर रनफ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे) आहेत, स्टेपनी नाही. एकाला फुगा आला तर जोडी बदलावी लागते. गाडी १५ लाखांना मिळाली तरी तिचे भाग ती नवी होती तेव्हाच्या भावानेच मिळतात, हे ध्यानात असू द्या.

इन्शुरन्सचाही फरक आहे. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ आहे. व्हर्टस १.० चं इंजिन ९९९ सीसी, १.५ चं १४९८ सीसी, दोन्ही आपापल्या गटात अगदी काठावर बसतात. ३२८आय १९९७ सीसी, म्हणजे थेट वरचा गट. आणि इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन बहुतेक कंपन्या देत नाहीत. बंपरला धक्का लागला तर घसारा वजा होऊन पैसे येतात, उरलेले तुमच्या खिशातून. नवखा माणूस पहिल्या वर्षी बंपर लावतोच, त्यात लाज नाही, पण कुठल्या गाडीचा लावतो हे महत्त्वाचं.

ओला_रस्ता

वरच्या चर्चेत टायरबद्दल दोन-तीनच ओळी आल्या. मुंबईत वर्षाचे चार महिने रस्ता ओला असतो. ताकदवान गाडी घेणाऱ्याने इंजिनाइतकाच विचार टायरचा करावा, म्हणून जरा लांब लिहितो.

कायद्याने टायरची खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पावसासाठी ती पुरेशी नाही. ३ मिलिमीटरला टायर बदला, आणि हे काम मे महिन्यात करा, जुलैत नाही. खाच मोजायचं छोटं मापक दुकानात सहज मिळतं. टायरच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वापरलेली गाडी बघताना चारही टायर आणि स्टेपनी यांचा हा कोड वाचा. सहा वर्षांपुढचा टायर खाच शिल्लक असली तरी कडक झालेला असतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. चार टायर चार कंपन्यांचे दिसले तर आधीच्या मालकाने देखभालीत हात आखडता घेतलाय, बाकी गोष्टींतही घेतला असेल.

रिमचा मोह टाळा. २०५/५५ आर१६ टायरची भिंत ११३ मिलिमीटर उंच असते, हाच आकार व्हर्टसला कारखान्यातून येतो. लोक १७ किंवा १८ इंची अलॉय टाकतात. २२५/४० आर१८ ची भिंत ९० मिलिमीटर उरते. पूर्व द्रुतगती महामार्गावर पावसात पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात ही जेमतेम ९० मिलिमीटरची भिंत रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. त्या टायरवर एक्सप्रेसवेला जाणं म्हणजे फुटण्याची वाट बघणं. पैसे खर्च करायचेच असतील तर मूळ आकारातच चांगल्या पकडीचे टायर घ्या. गाडीत एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच बदलाने पडत नाही.

हवा गाडी थंड असताना भरा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. तीन-चार किलोमीटर चालल्यावर हवा तापून आकडा वाढलेला दिसतो, तो खरा समजून कमी करू नका.

पावसात उजवी लेन धरून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. डिव्हायडरलगत पाणी साचतं आणि त्यात फक्त उजवी चाकं जातात. उजव्या बाजूचा टायर पाण्यावर तरंगतो, गाडी एकदम उजवीकडे ओढली जाते. तिथे ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगला झटका देऊ नका. दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलरेटर हळू सोडा. पावसात क्रूझ कंट्रोल बंद. चाक तरंगत असताना तो वेग टिकवायला इंजिनाला आणखी ताकद द्यायला लावतो.

आणि साचलेलं पाणी. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट ही नावं मुंबईकराला सांगायला नकोत. या वर्गातल्या गाड्या बुटक्या, आणि टर्बोला लागणारी हवा पुढच्या जाळीमागून ओढली जाते. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर जाऊ नका. शेजारून बस गेली की तिची लाट बोनेटपर्यंत येते. एकदा पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. रॉड वाकणं बहुतेक त्या दुसऱ्या स्टार्टलाच होतं. टो करून न्या. साधी पॉलिसी हे नुकसान नाकारू शकते, म्हणून इंजिन प्रोटेक्शनचं जोडसंरक्षण घ्याच. मुंबईत टर्बो गाडीला ते नसणं मला पटत नाही.

वापरलेल्या गाडीत पाणी शिरलं होतं का ते असं ओळखा: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर आणि सीटखालच्या बोल्टवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात गाळ, एसी लावल्यावर ओल्या पोत्याचा वास. यातलं एकही दिसलं तर किंमत कितीही कमी असो, परत या.

टॉर्करेंच

ओला_रस्ता यांनी टायरचं लिहिलं ते बरं झालं, माझ्याकडून ते राहून गेलं होतं. बजेटबद्दल एक भर घालतो. १५ लाखांतले दीड लाख बाजूला काढा आणि गाडी साडेतेराची समजा. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला एक्स-शोरूमवर १२ टक्के रोड टॅक्स लागतो, १० लाखांच्या आत ११. विक्रेत्याच्या 'ऑन-रोड' आकड्यात तो धरलाय का ते विचारा. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण इथे आणल्यावर टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि एनओसीच्या फेऱ्या पडतात.

बाजूला ठेवलेल्या पैशांतून शिकण्यावर खर्च करा. रेस ट्रॅकवर जाऊन शिका. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा आणि कोइंबतूरचा करी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, दोन्हीकडे प्रशिक्षण होतं. तिथे दोन दिवसांत ब्रेक कुठे मारायचा आणि नजर कुठे ठेवायची हे जे कळतं ते एक्सप्रेसवेवर दहा वर्षांत कळत नाही. स्वतःची गाडी ट्रॅकवर नेणार असाल तर लक्षात घ्या, नेहमीची पॉलिसी शर्यत आणि वेगचाचणी वगळते.

तोवर एक सराव इथेच करा. परवानगी असलेल्या मोकळ्या खाजगी आवारात ताशी ४० वरून पूर्ण ताकदीने ब्रेक मारा. एबीएस चालू झालं की पेडल पायाखाली थरथरतं. बहुतेक लोक ती थरथर जाणवताच पाय उचलतात. उचलू नका, तसाच दाबून ठेवा, आणि दाबलेला असतानाच एका बाजूला वळवून बघा. आठ-दहा वेळा कोरड्यात, मग ओल्यात. बसण्याची जागाही तपासा: पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. रेलून बसणाऱ्याला अडचणीच्या क्षणी पूर्ण ब्रेक दाबता येत नाही.

मुलुंडकर_२४

३२८आय आज यादीतून काढली. क्लचप्लेट, तुम्ही चेनचं लिहिलंत ते वाचून निर्णय झाला. आता नवी व्हर्टस १.० आणि वापरलेली सिटी, दोघीत निवड. या शनिवारी दोन्ही चालवणार आहे. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू? आणि सिटी ठरली तर कागदपत्रं?

घाटवाट

दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वेळी चालवा, नाहीतर तुलना होत नाही. सकाळी गर्दीच्या वेळी अर्धा तास घ्या, रिकाम्या रस्त्यावरची फेरी कामाची नाही. क्लच कुठे पकडतो ते बघा. अगदी वर येऊन पकडत असेल तर वापरलेल्या गाडीची क्लच प्लेट घासली आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून हळूच पाय दाबा. व्हर्टस आधी थांबेल आणि मग खेचेल, सिटी सुरुवातीपासून एकसारखी जाईल. यातलं कुठलं तुमच्या पायाला पटतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. मागे दोन माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून न्या. आणि विक्रेत्याला सांगून गाडी तुमच्या पझल पार्किंगमध्ये एकदा उभी करून बघाच. व्हर्टस ४५६१ मिलिमीटर लांब आणि १७५२ रुंद आहे, आरसे वेगळे. पार्किंगच्या पाटीवर लांबी आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती बुकिंगच्या आधी वाचा.

क्लचप्लेट

कागदपत्रांचं मी सांगतो. मालकी बदलाला फॉर्म २९ आणि ३०. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, त्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून थकीत दंड बघा, तो विक्रेत्याकडून भरून घ्या. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. इन्शुरन्सच्या आधीच्या क्लेमची माहिती कंपनीकडून मागवा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, त्यामुळे तुमचा हप्ता विक्रेत्यापेक्षा जास्त येईल. सर्व्हिसची नोंद अधिकृत केंद्रातून नंबरवरून काढता येते. तिथले किलोमीटर आणि मीटरवरचे किलोमीटर जुळतात का, हे टोकन देण्याआधी बघा. सिटी थंड असतानाच बघायला जा. विक्रेत्याने आधीच सुरू करून गरम ठेवलेली दिसली तर बोनेटवर हात ठेवून खात्री करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.